बारा मीटरची रेघ आणि शेवंताबाईंची गिरणी

तुमच्या घरासमोरचा रस्ता किती मीटर रुंद आहे? अंदाज नको, मोजून सांगा.

नाही सांगता येत ना? लाजू नका. मलाही सांगता येत नव्हतं, आणि मी तर त्याचाच पगार घेत होते.

त्या सकाळी मी वस्तीत फक्की मारत होते. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, कबड्डीचं मैदान आखतात ती. एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात टेपचं टोक. मी वाकून मागे मागे सरकत रेघ ओढत होते. रेघ एका ओट्यावर चढली, उंबरा ओलांडला आणि पिठाच्या गिरणीत शिरली. गिरणी थांबली. आतून आवाज आला.

"ए बाई, थांब. तुझा रस्ता माझ्या चक्कीवरून जाऊन राहिला."

मी वर पाहिलं. केसांवर, भुवयांवर पीठ. हातात ज्वारीचा डबा. या शेवंताबाई. बावीस वर्षं ही गिरणी चालवतात. थोरली मुलगी याच गिरणीवर शिक्षिका झाली. धाकटी नांदेडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

"मावशी, रस्ता रुंद होणार आहे. बारा मीटर," मी अभिमानाने म्हणाले.

"आन् गिरणी?"

"ती मागच्या खोलीत घ्यावी लागेल."

"मागं चूल हाय. चुलीवर बसवू का चक्की?"

मी घमेलं खाली ठेवलं. मला रेघ अर्ध्यात सोडायची सवय नाही. म्हणून ती सकाळ लक्षात आहे.

आता थोडं मागचं सांगते. मी लातूरची, तिथल्या बौद्ध वस्तीत वाढलेली. नांदेडपासून एसटीने दीडेक तासावर असलेल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेत नगररचना सहायक आहे. गावाचं नाव लिहीत नाही. जे घडलं ते कुठल्याही गावात घडतं. माझं काम म्हणजे गाव कागदावर आखायचं. कुठे शाळा, कुठे बाग, कुठला रस्ता किती रुंद.

लहानपणी आमच्या घरात पाठ्यपुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील, म्हणजे अण्णा, शाळेत शिपाई होते आणि रविवारी चळवळीची पत्रकं वाटत फिरायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. पहिला शब्द शिकले 'बंधूंनो' आणि दुसरा 'जागे व्हा'. अशा पोरीला फाइलीवरची सरकारी नोटसुद्धा हळू आवाजात लिहिता येत नाही.

गावाच्या दक्षिणेला बौद्ध वस्ती आहे. मधोमध एक सरळ गल्ली, साधारण दोनशे मीटर लांब. एक टोक मुख्य रस्त्याला. दुसऱ्या टोकाला विहार, विहारासमोर मोकळी जागा, आणि त्यापलीकडे बालाजीराव नावाच्या शेतकऱ्याची जमीन. ही गल्ली बारा मीटर करावी असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला.

मी नकाशा उघडला. ड्रोनने वरून काढलेला. गल्ली जेमतेम साडेतीन मीटर दिसत होती. गावातल्या नव्या कॉलन्यांना नऊ मीटर, बारा मीटर, आणि वस्तीला बोळ! मी पेटले. दोन पानांची नोट लिहिली. आग लागली तर बंब जाणार कसा, बाळंतिणीची अॅम्ब्युलन्स शिरणार कशी, समान नागरिकांना समान रुंदी का नाही. आमचे मुख्याधिकारी, सगळे त्यांना सीओ साहेब म्हणतात, ती वाचून म्हणाले, "मॅडम, ही नोट आहे की पत्रक?" पण सही केली.

मी 'रेग्युलर लाइन' आखली. हा आमच्या धंद्यातला शब्द. नगरपरिषद कागदावर एक रेषा ठरवते की रस्त्याची हद्द इथपर्यंत. एकदा ती मंजूर झाली की रेषेच्या पुढे आलेलं घर आज ना उद्या मागे घ्यावंच लागतं. कागदावर घरं म्हणजे राखाडी चौकोन. रेषा चौकोनांतून सरळ गेली.

नगरपरिषदेच्या सभेपुढे विषय जाण्याआधी रेषा जागेवर दाखवावी, असं मलाच वाटलं. नियमाने गरज नव्हती. लोकांना त्यांचा रुंद रस्ता डोळ्यांनी दिसावा म्हणून मी फक्की घेऊन गेले. मिरवायला गेले, असं म्हणा हवं तर.

आणि गिरणीत अडकले.

शेवंताबाईंनी डबा खाली ठेवला. "बारा मीटर कुणाला पाहिजे गं? आमच्या गल्लीत मोटारसायकली हायत. एक ऑटो हाय. त्यो भी बिघडलेला."

"मावशी, हा तुमचा हक्क आहे."

"हक्क माझा हाय ना? मग मला इचारलं का न्हाई?"

भोवती बायका जमल्या होत्या. कुणी हसलं. मी टेप उचलला आणि निदान काहीतरी करावं म्हणून गल्ली मोजली. शेवंताबाईंच्या जोत्यापासून समोरच्या घराच्या जोत्यापर्यंत.

सहा मीटर दहा.

मला वाटलं टेप वाकला. पुन्हा मोजलं. सहा मीटर दहा. नकाशावर साडेतीन. मी मान वर केली, तेव्हा कळलं. दोन्ही बाजूंच्या घरांनी पुढे पत्रे काढले होते, हात-दीड हात नाही, चांगले चार-चार फूट. आपल्याकडचं ऊन. पत्रा नसेल तर मार्चपासून कुणी ओट्यावर बसू शकत नाही. ड्रोन वरून बघतो. त्याला पत्रे दिसले. पत्र्यांखालची गल्ली दिसली नाही, आणि गल्लीत बसलेल्या बायका तर नाहीच.

ड्रोनचा दोष नाही. त्याला खाली वाकता येत नाही. मला येत होतं. मी खुर्चीतून उठले नव्हते.

त्या दिवशी उरलेली रेघ मी मारली नाही. ऑफिसला गेले आणि सीओ साहेबांसमोर उभी राहिले.

"सर, बारा मीटरची नोट मागे घ्यायची आहे."

"सही तुमची आहे मॅडम."

"हो सर. चूकही माझीच आहे."

"सभेला काय सांगू? मॅडमचं मत बदललं?"

"मत नाही सर. माप बदललं."

त्यांनी चष्मा काढला. "आणि आग लागली तर बंब कसा जाणार, हे तुम्हीच लिहिलंय. दुसरं म्हणजे, बालाजीरावांचा लेआउट या बारा मीटरवर अडकलाय. ते रोज येतात."

हे दुसरं मला माहीत नव्हतं. वाचकांना सोपं करून सांगते. आपल्याकडे इमारत किती उंच बांधता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता रुंद, तर मजले जास्त. बालाजीराव आपल्या जमिनीत प्लॉटिंग करत होते; त्याचाच आराखडा म्हणजे हा लेआउट. त्यांना बारा मीटरचा रस्ता वस्तीतून मिळाला असता, तर त्यांच्या प्लॉटवर मजले वाढले असते. म्हणजे प्रस्ताव बालाजीरावांच्या गरजेतून आला होता, आणि त्याला समतेची भाषा मी फुकट दिली होती. मुरूम भरलेले हायवा ट्रक दिवसभर गेले असते शेवंताबाईंच्या दारावरून. विकास म्हणून!

राग आला. पहिला स्वतःचा.

"आठ दिवस द्या सर," मी म्हणाले.

"आठच."

रस्त्याची रुंदी ठरवायची एक साधी रीत आहे, पुस्तकात ती फार अवघड करून सांगतात. रोज काय जातं ते बघायचं. मग वर्षात कधीतरी काय जातं ते. आणि शेवटी, आयुष्यात एखाद्या वेळी काय जाणं भागच आहे ते. दोन दिवस मी विहाराच्या पायरीवर वही घेऊन बसले. रोज जात होती माणसं, सायकली, मोटारसायकली. चारचाकी एका हाताच्या बोटांवर. वर्षात कधीतरी उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, जयंतीची मिरवणूक, लग्नाचा मांडव. आयुष्यात एखाद्या वेळी अॅम्ब्युलन्स, बंब आणि तिरडी.

मग सहा मीटर मांडून पाहिले. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर नाली, वर ढापे, म्हणजे चालायची वाटही तीच. मध्ये पाच मीटर. टेम्पो आणि ऑटो समोरासमोर आले तर हळू होऊन निघतात. हळू व्हावं लागणं हा हमरस्त्याचा दोष असेल. गल्लीत तो गुण आहे. ओट्यावर बाळ रांगत असतं.

राहिला बंब. त्यासाठी मी आमच्या बंबाच्या ड्रायव्हरला, रशीदचाचांना, गल्लीत घेऊन गेले. निवृत्तीला आलेला माणूस, तोंडात कायम लवंग.

"चाचा, सहा मीटरमधून बंब जाईल?"

"मॅडम, बंब काय बारा मीटरचा हाय का?" ते हसले. "अडीच मीटरची गाडी. सीधं जायला काय बी लागत न्हाई. मोडावर लागतं."

"म्हणजे?"

ते मला गल्लीच्या तोंडाशी घेऊन आले. मुख्य रस्त्यावरून गल्लीत वळायचं, तिथे कोपऱ्यावर एक दगडी खोली होती. जुना जकात नाका. जकात बंद होऊन जमाना झाला. खोली तशीच, कुलूपबंद, निम्मी गल्लीत घुसलेली.

"गल्ली बारा करा, न्हाईतर चोवीस करा. ही खोली हाय तवर माझा बंब आत वळत न्हाई. ही कुणाची हाय?"

"आपली," मी म्हणाले. "नगरपरिषदेची."

"मग झालं!" चाचांनी लवंग थुंकली.

मी या खोलीवरून रोज जात होते. माझ्या नकाशात ती रेषेत आली होती, पण यादीत मी तिला धरलंच नव्हतं. सरकारी मालमत्ता ना. लोकांची घरं पाडायची यादी तयार, आणि खरी अडचण आमच्याच कुलपात. दुसऱ्या टोकाला प्रश्न नव्हता. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत बंब आरामात वळत होता, फक्त ती जागा कुणी कुंपण घालून अडवायची नाही.

आठव्या दिवशी सीओ साहेबांच्या केबिनमध्ये बालाजीराव आधीच चहा घेत बसले होते. पांढरा शर्ट, बोलणं गोड.

"ताई, तुमच्याच लोकांचं भलं होऊन राहिलं होतं. तुम्हीच आडव्या आल्या."

"बालाजीराव, या गावात राहणारे सगळे माझेच लोक आहेत. तुम्हीसुद्धा."

"मग माझं भी भलं बघा की!"

मी नकाशा पसरला. "बघितलंय. तुमची जमीन पलीकडून बायपासला लागते. तिथून बारा मीटर काढा, तुमच्या जमिनीतून. लेआउट मंजूर होईल, मजले मिळतील. वस्तीकडे फक्त पायवाट ठेवा, पोरं शाळेला जातील एवढी."

"तिकडचे प्लॉट रोडटच, बायपासला लागून हायत ताई, ते रस्त्यात जातील. मोक्याचे."

"शेवंताबाईंची गिरणीसुद्धा रोडटचच आहे."

सीओ साहेबांना खोकला आला. बालाजीराव वाईट माणूस नव्हेत. त्यांनी नकाशावर बायपासपासून आपल्या जमिनीपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "ते ठीक हाय. पण उद्या वस्तीत आग लागली अन् बंब अडकला, तर गाव कुणाला धरंल?"

मी नकाशावर जकात नाका दाखवला आणि रशीदचाचांचं म्हणणं सांगितलं. साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, एक करू. नाका तसाही पडायला आलाय, तो काढतो. सोमवारी सकाळी बंब गल्लीतून नेऊन दाखवा. गेला तर सहा. अडकला तर बारा, आणि पुन्हा नोट नाही."

"मान्य," मी म्हणाले. बाहेर आल्यावर हिशेब केला. माझ्या एका शब्दावर मी चाळीस घरांच्या पुढच्या खोल्या पणाला लावल्या होत्या, आणि तेही त्यांना न विचारता. दुसऱ्यांदा.

म्हणून तडक वस्तीत गेले आणि या वेळी विचारलं. विहारात सगळ्यांना बसवून सांगितलं: बारा मीटर ही माझी चूक होती. सहा करायचे तर पत्रे उचलावे लागतील, दोन ओटे हातभर मागे घ्यावे लागतील, विजेचे तीन खांब कडेला जातील. जमत असेल तर सांगा.

थोडी कुजबुज झाली. पुढे येणाऱ्या दोन ओट्यांपैकी एक शेवंताबाईंचा होता.

"वटा घे," त्या म्हणाल्या. "गिरणी न्हाई."

आणि मला म्हणाल्या, "आता इचारलंस बघ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पहार घेऊन ओटा फोडला. पत्रे कसे उचलायचे ते त्यांनीच घरोघर जाऊन सांगितलं. इकडे नगरपरिषदेला नाक्याची चावी सापडेना. दोन दिवस शोधाशोध झाली. शेवटी कुलूप तोडलं. आत फवारणीचे गंजलेले पंप आणि जकातीच्या दरांचा फलक. बाकी काही नाही. जेसीबीने ती खोली तासाभरात काढली.

सोमवार. सकाळी नऊ. गल्लीच्या तोंडाशी लाल बंब उभा. साहेब, बालाजीराव, चार-पाच नगरसेवक, आणि अख्खी वस्ती ओट्यांवर. रशीदचाचांनी टोपी नीट केली, आरशात पाहिलं आणि वळण घेतलं. जिथे नाका होता, तिथून बंब अलगद आत आला.

पण अर्ध्या गल्लीत बंब थांबला. एका घराचा पत्रा उचललेलाच नव्हता. घराला कुलूप. माणसं बिलोलीला लग्नाला गेलेली.

बालाजीराव हळूच म्हणाले, "अडकला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी काही बोलणार, तेवढ्यात गिरणी बंद झाल्याचा आवाज आला. शेवंताबाई बाहेर आल्या. हातात गिरणीचा पट्टा आवळायचा पाना. सरळ बंबाच्या पायरीवर चढल्या.

"चाचा, जरा पुढं घ्या."

"चढ माय, चढ. सांभाळून."

दोन नट फिरवले. पत्रा उचलून मागे टेकवला. "लग्नाहून आला की सांगते त्याला," असं म्हणत खाली उतरल्या, गिरणीत गेल्या, आणि गिरणी पुन्हा सुरू झाली. गिऱ्हाइकाचं दळण अर्धं राहिलं होतं.

बंब पुढे निघाला. दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा. विहारासमोर एका दमात वळला आणि परत आला. गिरणीसमोरून जाताना रशीदचाचांनी घंटा वाजवली. एकदाच. ती नियमात नव्हती.

साहेब माझ्याजवळ आले. "सहा," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

पुढच्या सभेत ठराव झाला: वस्तीची गल्ली सहा मीटर, जोत्यापासून जोत्यापर्यंत. विहारासमोरची जागा मोकळी. लेआउटचा रस्ता बायपासकडून. बालाजीरावांनी बारा मीटर आपल्याच जमिनीतून सोडले. अधूनमधून ऑफिसला येतात, मला अजून 'आडवी ताई' म्हणतात. मी ते पदवीसारखं घेते.

आज त्या गल्लीत काँक्रीट झालंय. नालीवर ढापे आहेत, विजेचे खांब कडेला गेलेत. पत्रे नव्या मापाने बसवलेत, सावली शाबूत. शेवंताबाईंची धाकटी मुलगी नर्स झाली. एकही घर पडलं नाही. पाडली ती एकच इमारत, आणि ती आमची होती. माझ्या सर्व्हिसमध्ये उद्या काहीही होवो, हे वाक्य मी ताठ मानेने म्हणेन.

अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जागं कुणी केलं कुणाला?" मी म्हणाले, "शेवंताबाईंनी मला."

रुंद रस्ता म्हणजे मोठेपणा, असं मी समजत होते. रुंद रस्ता त्यावरून जाणाऱ्याचा असतो. गल्ली तिच्यात राहणाऱ्याची असते. आधी कोण जाणार ते विचारा, मग मीटर.

आता तुमचं काम. आज संध्याकाळी टेप घ्या आणि तुमच्या गल्लीची रुंदी मोजा. जोत्यापासून जोत्यापर्यंत, पत्र्यापासून नाही. आकडा घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवा. कधीतरी तुमच्या नगरपरिषदेची नोटीस निघेल, 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत'. ती वर्तमानपत्रात बारीक अक्षरात असेल. त्या मुदतीत एका ओळीचा अर्ज द्या: 'प्रस्तावित रेषा आमच्या दारासमोर फक्कीने आखून दाखवावी.' पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. टेबलामागे माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असेल. त्याला खुर्चीतून उठवा.